विश्लेषण : नवतपात सावली पायाखाली जाते तेव्हा… भंडाऱ्यासारख्या लहान शहरांनी उष्मा आणि धुळीला तोंड कसे द्यायचे?

मे महिन्याच्या २५ तारखेच्या आसपास सूर्य रोहिणी नक्षत्रात जातो आणि विदर्भात नवतपा लागतो. तोवर कूलरच्या ताट्या बदलून झालेल्या असतात, दुपारी बाजार ओस पडलेला असतो आणि दुपट्टा बांधल्याशिवाय कुणी दुचाकी बाहेर काढत नाही. याच दिवसांत भंडाऱ्यात आणखी एक गोष्ट घडते. हे शहर साधारण २१.१७ अंश उत्तर अक्षांशावर असल्याने २६ मेच्या सुमारास मध्यान्हीला सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या खांबाची सावली त्याच्या बुडाशीच विरून जाते. हा शून्य सावलीचा दिवस. शाळांसाठी तो खगोलशास्त्राचा प्रयोग असतो. नगररचनेसाठी त्याचा अर्थ जास्त व्यवहारी आहे. वर्षातील सर्वांत कडक दिवसांत, भर दुपारी, इमारतीची सावली रस्त्यावर पडतच नाही. सावली हवी असेल तर ती डोक्याच्या वरच असावी लागते. झाडाची, मांडवाची किंवा छज्जाची.

उष्मा आणि प्रदूषणावरील नगररचनेच्या उपायांची चर्चा मुंबई, पुणे, दिल्लीभोवती फिरते. भंडारा शहराची लोकसंख्या २०११च्या जनगणनेत ९१,८४५ होती. राज्यात लाखाच्या आतबाहेरची अशी शहरे बरीच आहेत, त्यांच्याभोवतीच्या शेतांवर लेआउट पडत आहेत आणि रस्ते सिमेंटचे होत आहेत. महानगरांनी केलेल्या चुका या शहरांत अजून पूर्ण झालेल्या नाहीत. म्हणूनच इथले प्रश्न आणि उपाय वेगळे काढून पाहावे लागतात.

पारा ४५ अंश म्हणजे कुठला पारा?

हवामान खाते जाहीर करते ते तापमान सावलीतले असते. पांढऱ्या, झडपांच्या लाकडी पेटीत, जमिनीपासून सुमारे सव्वा मीटर उंचीवर, शक्यतो गवताच्या मोकळ्या जागेत ते मोजले जाते. मैदानी भागात कमाल तापमान किमान ४० अंश असेल आणि सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी जास्त असेल, तर उष्णतेची लाट समजली जाते. पारा थेट ४५ वर गेला तरी लाट आणि ४७ वर गेला तर तीव्र लाट.

मे २०२४ मध्ये नागपुरातील एका स्वयंचलित केंद्रावर ५६ अंशांची नोंद झाल्याची बातमी देशभर फिरली होती. हवामान खात्याने नंतर तो यंत्रातील दोष असल्याचे सांगितले. पण लोकांना तो आकडा खोटा वाटला नाही, हे लक्षात घेण्यासारखे आहे. कारण दुपारी दोन वाजता डांबरी रस्त्यावर उभ्या असलेल्या भाजीवालीच्या वाट्याला येणारी उष्णता आणि गवतावरच्या पेटीतला पारा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वरून ऊन, खालून रस्त्याची धग, बाजूने तापलेल्या भिंती आणि शटर. शरीराला हे सगळे एकत्र सोसावे लागते. झाडाखाली गेल्यावर हवेचे तापमान फार तर एखाद-दोन अंशांनी उतरते, तरी माणसाला हायसे वाटते ते अंगावर येणारी ही किरणांची उष्णता तुटल्यामुळे. नगररचना हवामान बदलू शकत नाही, पण ही धग नक्कीच कमी करू शकते.

लहान शहरही बेटासारखे का तापते?

शहर आजूबाजूच्या खेड्यांपेक्षा गरम असते, हे लंडनबाबत ल्यूक हॉवर्ड या हौशी हवामान अभ्यासकाने दोनशे वर्षांपूर्वीच दाखवून दिले. आज त्याला नागरी उष्णतेचे बेट म्हणतात. त्यासाठी शहर मोठेच असावे लागते असे नाही. जमिनीवर काय अंथरले आहे, यावर बरेचसे ठरते.

दुपारच्या उन्हातून प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे एक हजार वॉट ऊर्जा पडते. ओल्या मातीवर किंवा पानांवर पडली तर तिचा मोठा भाग पाण्याची वाफ करण्यात खर्च होतो. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला साधारण पाऊण युनिट विजेइतकी उष्णता लागते. पाणी मिळत असलेले एखादे मोठे झाड दिवसाला शंभर लिटरच्या आसपास पाणी हवेत सोडू शकते. म्हणजे दीड टनाचा एसी बारा तास चालून जेवढी उष्णता खोलीतून काढेल, तेवढी ते झाड परिसरातून खर्ची घालते. शिवाय एसी ती उष्णता शेजाऱ्याच्या खिडकीखाली सोडतो, झाड तसे करत नाही.

तीच ऊर्जा सिमेंटच्या रस्त्यावर पडली तर वाफ व्हायला तिथे काहीच नसते. काँक्रीट ती दिवसभर साठवते आणि रात्री सोडते. भंडाऱ्यात जुने लोक सांगतात की पूर्वी अंगणात पाणी शिंपडून खाट टाकली की पहाटे पांघरूण लागे. आता अंगणात गट्टू असतात आणि पाणी शिंपडले तर नुसती वाफ उठते. उष्म्याचे बळी दुपारी जातात असा समज आहे, पण शरीराला सावरायला थंड रात्र मिळाली नाही तर दुसऱ्या दिवशीचा उन्हाचा मारा जास्त जिव्हारी लागतो. राइस मिलमधला हमाल, पितळेच्या भट्टीसमोरचा कारागीर, वीटभट्टीवरचे मजूर दिवसभर धग सोसून घरी येतात. घरावर टिनाचे पत्रे असतील तर रात्रही तशीच जाते.

वैनगंगेच्या काठी असूनही गारवा का नाही?

शहराच्या पूर्वेला वैनगंगा आहे. पवनी तालुक्यातल्या गोसीखुर्द धरणामुळे तिच्या पात्रात वर उन्हाळ्यातही पाणी राहते. मग नदीकाठच्या शहराला गारवा मिळायला हवा. तो अपेक्षेइतका मिळत नाही, आणि त्याचे एक कारण नकाशावर दिसते. उन्हाळ्यातील दुपारचे वारे, ज्यांना आपण लू म्हणतो, ते प्रामुख्याने पश्चिम आणि वायव्येकडून येतात. म्हणजे वारा आधी शहरावरून जातो आणि मग नदीवरून. पाण्यावरून गेलेली हवा पलीकडे कारध्याच्या बाजूला पोहोचते.

दुसरी गोष्ट पाण्याच्या स्वभावाची. पाणी दिवसा हवेपेक्षा थंड असते, पण ते हळू निवते. त्यामुळे रात्री काठावरची हवा उलट उबदार आणि दमट राहू शकते. उन्हाळी धानाच्या पट्ट्यातही हा दमटपणा जाणवतो. कोरड्या लूमध्ये कूलर उत्तम काम करतो, दमट हवेत तो नुसता पंखा उरतो. त्यामुळे नुसते ‘पाणी आहे म्हणजे गारवा आहे’ असे समीकरण मांडता येत नाही. पाणी, काठावरची झाडे आणि वाऱ्याची वाट या तिन्ही गोष्टी जुळाव्या लागतात. म्हणूनच पूर्वेकडच्या मोठ्या नदीपेक्षा वस्तीच्या आत असलेला खांब तलाव किंवा पश्चिमेकडची एखादी बोडी भर दुपारी अधिक उपयोगी पडू शकते.

हवेत धूळ आणि धूर येतात कुठून?

हवेतील कणांची ढोबळ विभागणी दोन प्रकारांत होते. १० मायक्रॉनपर्यंतचे कण म्हणजे पीएम १०. त्यात रस्त्याची, वाळूची, बांधकामाची धूळ जास्त. अडीच मायक्रॉनपर्यंतचे कण म्हणजे पीएम २.५, ते बहुतांशी जळण्यातून येतात आणि फुप्फुसात खोलवर जातात. भारतीय मानकांनुसार पीएम २.५ची वार्षिक सरासरी घनमीटरला ४० मायक्रोग्रॅमच्या आत हवी. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये हीच मर्यादा ५ वर आणली.

भंडारा जिल्ह्यात दोन्ही प्रकारांची सोय आहे. वैनगंगेची वाळू वाहणारे टिप्पर, त्यांच्या चाकांनी दळली जाणारी रस्त्याची कड, तुमसर तालुक्यातील चिखला आणि डोंगरी बुजुर्ग इथल्या मँगनीजच्या खाणी, राइस मिलच्या बॉयलरमध्ये जळणारा धानाचा कोंडा आणि त्याची वाऱ्यावर उडणारी हलकी राख. हार्वेस्टरने कापणी झालेल्या बांध्यांमध्ये उरलेले तणस काही ठिकाणी पेटवले जाते. मोहफुले वेचायला सोपे जावे म्हणून झाडाखालचा पाला जाळतात, त्यातून एप्रिलमध्ये जंगलाला वणवे लागतात. हिवाळ्यात थंड हवा जमिनीलगत बसते आणि कचऱ्याचा, चुलीचा, शेकोटीचा धूर वर जात नाही. पहाटे शाळेला निघालेल्या मुलांना तो धुक्यासारखा दिसतो.

याशिवाय शेजाऱ्यांचाही वाटा आहे. महामार्गाने नागपूरकडे जाताना मौद्याला २,३२० मेगावॉटचे औष्णिक वीज केंद्र लागते, पूर्वेला गोंदिया जिल्ह्यात तिरोड्याचे केंद्र ३,३०० मेगावॉटचे आहे. बारीक कण शेकडो किलोमीटर प्रवास करतात. नगर परिषदेने कितीही झाडे लावली तरी हा भाग तिच्या हाती नाही, हे आधीच मान्य केलेले बरे.

केंद्राने जानेवारी २०१९ मध्ये राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम सुरू केला. देशातील १३१ शहरे त्यात आहेत. विदर्भातून नागपूर, चंद्रपूर, अमरावती आणि अकोला आहेत, भंडारा नाही. ही यादी ज्या शहरांच्या नोंदी सलग वर्षे मानकांत नापास झाल्या त्यांची आहे. जिथे सलग मोजमापच नसते, त्या शहराला नापास होण्याचीही संधी मिळत नाही आणि पुढचा निधीही मिळत नाही. लहान शहरांची ही अडचण राज्यभर सारखीच आहे.

धुळीवरचा उपाय उष्मा कसा वाढवतो?

इथे खरी मेख आहे. धूळ उडते म्हणून रस्त्याच्या कडेची माती झाकायची, असे ठरते. ती झाकायला सर्वांत सोपा, लगेच दिसणारा आणि उद्घाटन करता येण्याजोगा मार्ग म्हणजे गट्टू. डांबराच्या कडेपासून दुकानाच्या पायरीपर्यंत गट्टू बसतात. धूळ काही काळ कमी होते. पण पावसाचे पाणी मुरणे थांबते, झाडाचे बुंधे सिमेंटने आवळले जातात आणि भर उन्हात तापणारे क्षेत्र वाढते. चार-पाच वर्षांत कडुनिंब वाळतो, मग तो ‘धोकादायक’ ठरतो आणि तोडला जातो. धुळीवरच्या उपायाने सावली जाते ती अशी.

हे फक्त भंडाऱ्यात घडते असे नाही. स्वच्छ हवा कार्यक्रमाचा बहुतांश पैसा रस्त्यांच्या धुळीवर खर्च झाला, असे सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट या संस्थेने २०२४ मध्ये दाखवून दिले. हे प्रमाण ६४ टक्के होते. धुराकडे, म्हणजे अधिक घातक बारीक कणांकडे, त्या मानाने थोडाच पैसा गेला.

धूळ आणि उष्मा दोन्हींना एकाच वेळी उत्तर देईल असा पर्याय फार गुंतागुंतीचा नाही. माती झाकायचीच आहे, फक्त सिमेंटऐवजी हिरवळीने. रस्त्याच्या कडेला एक-दीड मीटरचा पट्टा मोकळा ठेवायचा, तो रस्त्यापेक्षा थोडा खोल करायचा आणि त्यात गवत व कमी पाण्यावर तगणारी झुडपे लावायची. पावसाचे पाणी रस्त्यावरून त्यात उतरते, धूळ त्याच्यासोबत खाली बसते आणि झाडाला ओल मिळते. पायी चालण्यासाठी जिथे गट्टू हवेतच, तिथे ते सिमेंटने न जोडता वाळूवर बसवले आणि मधल्या फटी मोकळ्या ठेवल्या तर पाणी मुरते. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्येच दिल्लीतील झाडांच्या बुंध्याभोवती एक मीटरपर्यंतचे काँक्रीट काढण्याचा आदेश दिला होता. कोणत्याही नगर परिषदेला तो नियम आपल्या निविदेत एका ओळीत घालता येईल. कंत्राटाच्या मोजमाप पुस्तिकेत ‘झाडाभोवती सोडलेली जागा’ असा रकाना नसतो, म्हणून ती सुटत नाही. प्रश्न इतका साधा आहे.

कोणते झाड, कुठे?

वृक्षारोपणाच्या बातम्यांत रोपांची संख्या येते. मेमध्ये त्या झाडावर पान असेल का, हे कुणी विचारत नाही. सागवान उन्हाळाभर निष्पर्ण असतो. गुलमोहर मेमध्ये सुरेख फुलतो, पण एप्रिलच्या उन्हात त्याच्याखाली उभे राहून बघावे. उलट कडुनिंब आणि करंज मार्च-एप्रिलमध्ये नवी पालवी धरतात आणि मेपर्यंत दाट होतात. करंजाची सावली तर इतकी घट्ट असते की खाली वेगळीच हवा वाटते. जांभूळ, चिंच, आंबा हेही भर उन्हाळ्यात हिरवे राहतात. वड-पिंपळाला रस्त्याकडेची अरुंद जागा पुरत नाही, त्यांना चौक, तलावाची पाळ किंवा शाळेचे मैदान द्यावे. लवकर वाढते म्हणून गेली काही वर्षे शहरोशहरी लावलेल्या कोनोकार्पसवर गुजरात सरकारने २०२३ मध्ये बंदी घातली, हेही इथे नोंदवायला हवे.

हवेच्या दृष्टीने मात्र झाडे लावताना जागा पाहावी लागते. जुन्या बाजारपेठेच्या अरुंद गल्लीत दोन्ही बाजूंनी उंच झाडांचे छत मिटले तर खालच्या वाहनांचा धूर तिथेच कोंडतो. अशा गल्लीत झाडाऐवजी दुकानांचे सलग छज्जे किंवा कापडाचे मांडव चांगले. ते पावसाळ्याआधी काढता येतात. रुंद रस्त्यावर मात्र पदपथाच्या बाहेरच्या कडेला कमरेइतके दाट कुंपण आणि त्यामागे सावलीची झाडे ही जोडी चांगली ठरते. कुंपण धूळ आणि धूर उगमाजवळ अडवते, झाड डोक्यावर छत्र धरते. दुभाजकात कण्हेर लावण्याची आपल्याकडे पद्धत आहे. तिचा फायदा समोरून येणाऱ्या दिव्यांचा त्रास कमी करण्यापुरता. पायी चालणाऱ्यासाठी झाडे रस्त्याच्या कडेलाच हवीत.

कोलंबियातील मेडेयीन शहराने २०१६ ते २०१९ या काळात रस्ते आणि नाल्यांच्या कडेने तीस हिरव्या मार्गिका उभारल्या. तिथल्या प्रशासनाच्या म्हणण्यानुसार त्या भागांत तापमान सुमारे दोन अंशांनी उतरले. त्या प्रयोगात झाडे लावण्याबरोबरच ती जगवणाऱ्या माळ्यांचाही विचार झाला. आपल्याकडे रोपाची किंमत मंजूर होते, तीन उन्हाळ्यांचे पाणी मंजूर होत नाही.

छत पांढरे केल्याने खरेच फरक पडतो?

पडतो. आणि गरीब घराला सर्वांत आधी परवडणारा उपाय हाच आहे. टिनाचा पत्रा उन्हात ६० अंशांच्या पुढे तापतो आणि ती धग थेट खाली सोडतो. काँक्रीटचा स्लॅब दिवसभर तापून रात्री सोडतो. त्यावर चुन्याचा दाट पांढरा हात दिला तर बरेचसे ऊन परत फेकले जाते. घरातील तापमान साधारण दोन ते पाच अंशांनी कमी होते, असा निरनिराळ्या शहरांचा अनुभव आहे.

मात्र काही गोष्टी सांगायला हव्यात. चुना पहिल्या पावसात बराचसा वाहून जातो, म्हणून तो दरवर्षी फेब्रुवारी-मार्चमध्ये द्यावा लागतो. कळीचा चुना रात्रभर भिजवून, त्यात चिकटद्रव्य घालून दोन हात दिले तर स्लॅबवर तो हंगामभर टिकतो. गुळगुळीत पत्र्यावर चुना धरत नाही, त्याचे पोपडे निघतात. तिथे ऊन परावर्तित करणारा तयार रंग घ्यावा लागतो, तो महाग पण काही वर्षे टिकणारा. आणि ज्या शहरात धूळ जास्त, तिथे पांढरे छत महिन्याभरात मातकट होते. धूळ आणि उष्मा इथे पुन्हा एकत्र येतात. छत झाडून-धुवून ठेवले नाही तर निम्मा फायदा जातो.

तेलंगणाने २०२३ मध्ये थंड छतांचे धोरणच आणले. विशिष्ट आकाराच्या नव्या इमारतींना ते बंधनकारक केले आणि २०२८ पर्यंत ३०० चौरस किलोमीटर छते थंड करण्याचे उद्दिष्ट ठेवले. भंडाऱ्यासारख्या जिल्ह्यात सुरुवात करायची तर ती अंगणवाड्या, जिल्हा परिषद शाळा, प्राथमिक आरोग्य केंद्रे आणि घरकुलांपासून करावी. कवेलूची घरे पाडून स्लॅबची घरकुले झाली, ती पावसाला आणि विंचवाला बरी. पण कवेलूखाली हवा खेळे, मातीची जाड भिंत दुपारची धग रात्रीपर्यंत अडवून धरी आणि पुढची छपरी भिंतीवर ऊन पडू देत नसे. घरकुलाच्या नकाशात छपरी नसते. दोन फुटांचा छज्जा आणि समोरासमोर खिडक्या एवढे जरी सक्तीचे केले, तरी त्या घरात मेमधली दुपार काढता येईल.

तलाव आणि बोड्यांचा शहराशी काय संबंध?

भंडारा हा तलावांचा जिल्हा. गोंड राजवटीच्या काळापासून कोहळी समाजाने बांधलेले आणि पुढे मालगुजारांच्या ताब्यात असलेले हजारो तलाव भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात आहेत. मालगुजारी संपल्यावर ते सरकारकडे गेले आणि ‘माजी मालगुजारी’, म्हणजेच ‘मामा’ तलाव म्हणून ओळखले जाऊ लागले. सिंचनासाठी त्यांच्यावर बरेच लिहिले जाते. शहराच्या हवेसाठीही ते महत्त्वाचे आहेत, पण एका अटीवर. मेमध्ये त्यात पाणी असले पाहिजे.

गाळाने भरलेला तलाव एप्रिलमध्येच आटतो. मग त्याचे उघडे तळ वाऱ्याबरोबर धूळ उधळते. म्हणजे ज्या जागेने शहराला गारवा द्यायचा, तीच उन्हाळ्यात धुळीचे मैदान होते. गाळ काढून खोली वाढवली तर पाणी टिकते आणि गाळ शेतात जातो. पाळीवर दाट झाडे असली तर बाष्पीभवन कमी होते आणि पाळ हीच शहरातील सर्वांत थंड चालण्याची जागा बनते. सुशोभीकरणाच्या नावाखाली पाळीला चारी बाजूंनी दगडी पिचिंग, त्यावर फरशी आणि लोखंडी कठडे बसवले, की फोटो चांगला येतो आणि दुपारी तिथे कुत्रेही फिरकत नाही.

लहान बोड्यांची अवस्था अधिक बिकट आहे. धानाच्या बांध्यांवर लेआउट पडताना मुरूम टाकून जमीन उंच केली जाते आणि मधली बोडी आधी खड्डा, मग कचऱ्याची जागा, मग प्लॉट होते. पावसाळ्यात तिथेच पाणी तुंबते, उन्हाळ्यात तिथेच बोअर आटते.

नियम काय सांगतात?

राज्यात डिसेंबर २०२० मध्ये लागू झालेली एकीकृत विकास नियंत्रण नियमावली नगर परिषदांनाही लागू आहे. त्यानुसार ४,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या लेआउटमध्ये १० टक्के जागा मोकळी ठेवावी लागते. कागदावर ही जागा असते. प्रत्यक्षात ती बहुधा लेआउटच्या सर्वांत अडगळीच्या कोपऱ्यात, विजेच्या तारांखाली किंवा नाल्याच्या काठावर दाखवली जाते, आणि पुढे तिथे सभागृह उभे राहते. हीच जागा बोडीला लागून किंवा लेआउटच्या पश्चिमेला, लू अडवेल अशी मागितली, तर वेगळा खर्च न करता तिचा उपयोग कितीतरी वाढेल. हे मंजुरी देणाऱ्या टेबलावर ठरू शकते.

वृक्षांबाबतच्या राज्याच्या कायद्यात २०२१ मध्ये दुरुस्ती झाली. पन्नास वर्षांहून जुने झाड वारसा वृक्ष ठरते आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी नवी झाडे लावणे अपेक्षित असते. त्यासाठी आधी झाडांची गणना आणि वयाची नोंद हवी. ती नसेल तर साठ वर्षांची चिंच पंधरा वर्षांची म्हणून तोडली जाते.

उष्म्याच्या बाबतीत अहमदाबादने २०१३ मध्ये दक्षिण आशियातील पहिला उष्मा कृती आराखडा केला, तो मे २०१०च्या लाटेत झालेल्या १,३४४ अतिरिक्त मृत्यूंनंतर. नागपूरने २०१६ मध्ये शेजारच्या शहरांना सोबत घेऊन असाच आराखडा आखला. या आराखड्यांचा भर इशारे, दवाखान्यांची तयारी, पाणपोया आणि कामाच्या वेळा यांवर असतो. तो हवाच, त्याने जीव वाचतात. पण इशारा मिळाल्यावर सावलीत जा म्हणायचे, तर सावली कुठेतरी असायला हवी. ते काम आरोग्य विभागाचे नाही, बांधकाम आणि नगररचना विभागाचे आहे.

बाह्यवळण झाले, जुन्या महामार्गाचे काय?

मुंबई-कोलकाता महामार्ग वर्षानुवर्षे भंडारा शहराच्या मधून गेला. त्रिमूर्ती चौकातून जाणारे ट्रक, ट्रेलर आणि वाळूचे टिप्पर हाच शहरातील धूर आणि धुळीचा मोठा स्रोत होता. आता शहराला वळसा घालणारा बाह्यवळण मार्ग झाला आहे. जड वाहने खरोखर त्या मार्गाने वळली, तर शहरातील हवेसाठी हा सर्वांत मोठा एकटा बदल असेल. पण बाह्यवळणाच्या दोन्ही बाजूंनी आता नवे लेआउट पडू लागले आणि रस्त्याला लागूनच घरे उभी राहिली, तर दहा वर्षांनी तोच प्रश्न दोन-चार किलोमीटर पलीकडे सरकलेला दिसेल. तिथे बांधकामापूर्वीच रस्त्यालगत रुंद हिरवा पट्टा आखून घेणे आज फुकट आहे, पुढे त्यासाठी भूसंपादन करावे लागेल.

आणि शहरातून जाणारा जुना रस्ता. ट्रकसाठी केलेली त्याची रुंदी आता शहराच्या कामी येऊ शकते. एकेक मार्गिका दोन्ही कडांनी कमी करून तिथे करंज-कडुनिंबाची रांग, कुंपण, पावसाचे पाणी मुरवणारा पट्टा आणि सायकल-पायी चालण्याची जागा करता येईल. बस थांब्यांना टिनाऐवजी कवेलूचे किंवा पांढरे, खालून हवा खेळणारे छत देता येईल. दुसरा पर्याय नेहमीचा आहे: तीच रुंदी वाहनतळाला आणि दुकानांच्या विस्ताराला सोडायची आणि उरलेल्या कडेला गट्टू बसवायचे.

याचा निर्णय घेण्याआधी नगर परिषदेला फार महागडा अभ्यास करावा लागणार नाही. येत्या नवतपात, दुपारी बारा ते तीन, शहरातील पन्नास ठिकाणी साध्या इन्फ्रारेड तापमापकाने जमिनीचे तापमान मोजता येईल. डांबर, गट्टू, माती, करंजाखाली, खांब तलावाच्या पाळीवर, टिनाच्या थांब्याखाली आणि बाजारातल्या मांडवात. महाविद्यालयातील विद्यार्थी हे दोन दिवसांत करतील. तो नकाशा पुढच्या अंदाजपत्रकाच्या सभेत ठेवला, तर कुठल्या प्रभागात आधी झाड आणि कुठल्या छतावर आधी चुना, यावर निदान मुद्देसूद वाद तरी होईल. रोपे लावायची ती जुलैमध्ये. खड्डे मात्र मेमध्येच खणावे लागतात.